पूजेची फ्लॉपी आणि आठ मशिनं

यंत्राला हळदकुंकू लावायला माझी हरकत नाही. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. खंडेनवमीला त्यांचा पोती ओढायचा आकडा घासूनपुसून पाटावर मांडला जायचा, त्याला झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि दसरा उलटला की तोच आकडा पुन्हा पोत्यात घुसायचा. त्यात मला कधी काही खटकलं नाही. ज्याची पूजा केली त्याला नंतर प्रश्न विचारायचा नाही, हे मात्र मला खटकतं. बंगळूरच्या माझ्या पहिल्या नोकरीत यावरूनच सगळं झालं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आप्पांची शाळा तिसरीत सुटली. आईनं शाळा बाहेरूनच पाहिली. ती विड्या वळायची. निपाणीत बी.एस्सी., मग बेळगावात वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि नव्वदीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी मी के. आर. पुरमला मावशीकडे येऊन राहिले. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पदवी मिरवायची नसती तर मिळवली कशाला?

त्या वर्षांत घरोघरी नवीन वस्तू येत होत्या आणि प्रत्येक वस्तूचा आधी देव व्हायचा. मावशीच्या रंगीत टीव्हीवर भरतकामाचं झाकण होतं. रिमोट अजून मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, त्यामुळे आवाज वाढवायला बटणावर अंगठ्याचं सगळं बळ लागायचं. काकांनी पेजर घेतला होता. त्यांना निरोप पाठवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच कोपऱ्यावरच्या फोनबूथवर जाऊन स्वतःला निरोप पाठवायचे आणि घरी येईपर्यंत कमरेला काही वाजतंय का याची वाट पाहायचे. वाजलं की मावशीला म्हणायचे, "बघ, चालू आहे!" या प्रत्येक वस्तूबरोबर एक पुस्तक आलेलं असायचं, आणि ते पावतीसकट कपाटात कुलूपबंद असायचं. मी ती पुस्तकं काढून वाचली. टीव्हीला आपोआप बंद व्हायची सोय होती, हे त्या घराला दोन वर्षांनी माझ्यामुळे कळलं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. वस्तू आणली की पुस्तक वाचा. झाकण मग घाला.

माझं ऑफिस इंदिरानगरात एका घराच्या माडीवर होतं. आठ मशिनं, आठ माणसं, एक एसी आणि मालक. मालकांना सगळे 'सार' म्हणायचे, मीही म्हणायची. माणूस वाईट नव्हता. पगार पहिल्या तारखेला द्यायचे, बायकांना संध्याकाळी साडेपाचला घरी धाडायचे. पण कॉम्प्युटरबद्दल त्यांच्या काही पक्क्या समजुती होत्या. चपला जिन्यातच काढायच्या, कारण व्हायरस धुळीबरोबर येतो. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी पिवळ्या फडक्यानं पुसायची. दुपारी जेवणाच्या वेळी आठही मशिनं बंद ठेवायची, कारण त्यांनाही विसावा हवा. प्रत्येक मशीनजवळ एक वही असायची. मशीन सुरू केलं की तारीख, वेळ आणि सही. वहीची पद्धत चांगली होती, हे मी तेव्हाही म्हणत होते.

काम होतं एका सिनेमाच्या साप्ताहिकाचं. त्यांनी वाचकांचा कौल घेतला होता. वर्षातला आवडता सिनेमा, नट, नटी आणि खलनायक असं कूपनावर लिहून पाठवायचं. कूपनं पोत्यांनी यायची आणि आम्ही ती एकेक करून मशीनमध्ये भरायची. सिनेमा लोक कशासाठी बघतात हे मला त्या पोत्यांनी शिकवलं. एका कूपनाच्या कोपऱ्यात एका बाईनं लिहिलं होतं, 'यातला नवरा बायकोचं ऐकून घेतो, म्हणून.' समीक्षा म्हणून मला ती पुरेशी वाटली. मी सिनेमाला नाकं मुरडणारी नाही. तंबूतल्या सिनेमात मी मन भरून रडले आहे. पण जे माहीत नाही ते छातीठोक दाखवलं की मला राग येतो.

तसा एक सिनेमा सारांनी आम्हाला दाखवला. साप्ताहिकाकडून पास आले होते, म्हणून सगळं ऑफिस मॅजेस्टिकच्या थिएटरात गेलं. त्यातला खलनायक नोकरीवरून काढलेला कॉम्प्युटरवाला. काळा चष्मा, भिंतभर पडदे. त्यानं एक बटण दाबलं की गावातल्या सगळ्या बँकांच्या कॉम्प्युटरवर लाल कवटी येऊन हसायची. नायकानं तिसऱ्या खेपेला त्याचा पासवर्ड ओळखला. तो अर्थातच नायिकेचं नाव. आणि सगळ्या शहराची मशिनं मेली तरी खलनायकाचं स्वतःचं मशीन ठणठणीत, त्यावरूनच तो पकडला गेला. आमच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "एक तरी मशीन सुरू व्हायला वेळ लागलेला दाखवलाय का? आणि कवटी कशाला हसेल? व्हायरस म्हणजे कुणीतरी लिहिलेली चार ओळींची आज्ञा. तिला दात नसतात."

शेजारी आमचा पुण्याचा प्रोग्रॅमर बसला होता. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही तिघंच: तो, मी आणि अक्का. तो म्हणाला, "अगं, एन्जॉय कर ना! तू थिएटरातपण मॅन्युअल वाचत बसशील."

"तिला इंटर्व्हलला चकली द्यायची सोडून पुस्तक द्यायला हवं होतं," अक्का म्हणाल्या. अक्का आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धं कानडी असायचं.

सारांनी मात्र सिनेमा मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठही मशिनांना पासवर्ड लावला. त्याच सिनेमातल्या नटीचं नाव, आणि कुणी विसरू नये म्हणून ते कागदावर लिहून प्रत्येक पडद्याला चिकटवलं.

"सार, हे तर कुणीही वाचेल."

"आपलीच माणसं वाचतील, अम्मा. बाहेरच्याला काय कळणार ते पासवर्ड आहे म्हणून? त्याला वाटेल आम्हाला सिनेमा आवडतो."

फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, तेवढ्यात मी माझं राज्य चालवलं. दर शनिवारी सगळ्या मशिनांवरची कूपनं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायची आणि त्या फ्लॉप्यांच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. ती पट्टी लावली की फ्लॉपी फक्त वाचता येते, तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही, व्हायरसलासुद्धा. पिवळ्या फडक्यानं हे होत नाही. मी हे ऑफिसात इतक्यांदा सांगितलं होतं की प्रोग्रॅमर मला 'चिकटपट्टीबाई' म्हणायचा.

मग आयुधपूजा, म्हणजे आमची खंडेनवमी, आली. सारांनी दाराला केळीचे खुंट बांधले, मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. कोहळा फोडून झाला, चुरमुरे आणि फुटाणे वाटले. आणि सारांनी खिशातून एक फ्लॉपी काढली. कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या त्यांच्या एका मित्रानं ती दिली होती. ती आत घालून मशीन सुरू केलं की पडद्यावर रंगीत गणपती उमटायचा आणि मशीन आरतीची चाल वाजवायचं. साऱ्या बंगळुरातल्या ऑफिसांना त्या मित्रानं अशा फ्लॉप्या वाटल्या होत्या म्हणे. सारांची इच्छा अशी की आठही मशिनं आज या फ्लॉपीनंच सुरू व्हावीत, एकामागून एक.

मी म्हटलं, "सार, आधी तपासून घेऊ. माझ्याकडे तपासायची फ्लॉपी आहे, दोन मिनिटांचं काम."

सारांच्या हातात उदबत्ती होती.

"गणपतीला तपासणार?"

"गणपतीला नाही, फ्लॉपीला."

अक्का मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "तू स्वल्प गप बस गं. देवाला काय ताप आलाय, थर्मामीटर लावायला?"

सगळे हसले. मीही हसले, आणि इथे मी चुकले. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की परकी फ्लॉपी आत ठेवून मशीन सुरू करणं याच्याएवढी धोक्याची गोष्ट नाही. फ्लॉपीच्या पहिल्याच पानावर काही बसलेलं असेल तर ते थेट मशीनमध्ये उतरतं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण सणाच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर कोण नाही म्हणणार? शिवाय फ्लॉप्यांचं खातं माझं, म्हणून सारांनी ती फ्लॉपी माझ्याच हाती दिली. मीच एकेका मशीनपाशी जाऊन ती घातली. आठ वेळा गणपती आला, आठ वेळा आरती वाजली. माझं मशीन सर्वांत शेवटचं.

चुरमुरे खाता खाता मी सारांना माझ्या कागदाचं विचारलं. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. नंतर काम पसंत पडलं तर कायम, असं लेखी होतं. सात महिने होऊन गेले होते. आणि दुसऱ्या दिवसापासून मी दसऱ्याला आठवडाभर निपाणीला जाणार होते.

"सणाच्या दिवशी कागद मागतेस, अम्मा? नंतर बघू."

"सण म्हणूनच मागतेय. घरी दाखवायला होईल."

"नंतर म्हटलं ना!"

सारांचा आवाज चढला आणि माझाही खाली आला नाही. सगळ्यांनी ऐकलं.

निपाणीत आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कायम केलं का?"

"कागद येतोय, आप्पा."

"कागद हातात आल्यावर सांग मग," ते म्हणाले. आप्पा उभा जन्म रोजंदारीवर राबले. कायम हा शब्द त्यांच्या तोंडी फार कमी यायचा आणि आला की ते तो जपून उच्चारायचे. मी आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर देणं टाळलं.

परत आले ती सोमवारी सकाळी, बसमधून उतरून, मावशीकडे फक्त पिशवी टाकून. माडीवर पाय ठेवला तर सगळे उभे. सात मशिनांच्या काळ्या पडद्यांवर एकच ओळ होती, डिस्क सापडत नाही. मी माझ्या मशीनपाशी जाऊन बटण दाबलं, वहीत सही केली. मशीन नेहमीसारखं सुरू झालं. माझी सगळी कूपनं जागच्या जागी.

प्रोग्रॅमर हसत म्हणाला, "अरे वा! सिनेमातल्यासारखं झालं की. सगळ्यांची मेली, हिचं जिवंत!"

तो गमतीनं बोलला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण शब्द तोंडातून गेला आणि खोलीतल्या सगळ्यांना तो सिनेमा आठवला. मी त्यांचे चेहरे बदलताना पाहिले. सगळ्यांना ठाऊक होतं की मी मालकाशी भांडून रजेवर गेले होते. फ्लॉप्यांची किल्ली माझ्याकडे. व्हायरसबद्दल सारखी बोलणारी मीच. आणि माझं मशीन ठणठणीत.

"सार, ही पूजेच्या फ्लॉपीची करणी आहे," मी म्हटलं.

"ती फ्लॉपी तुझ्या मशीनमध्येपण घातली होती," सार शांतपणे म्हणाले. "मग ते कसं चालू आहे?"

मी म्हटलं, फ्लॉपी आणा, तपासून दाखवते. त्यांनी देवाच्या फोटोमागून काढून दिली. मी माझी तपासायची फ्लॉपी लावली आणि सगळ्यांसमोर तपासलं. पडद्यावर आलं, काही दोष आढळला नाही. आता खरं सांगायचं तर माझी तपासायची फ्लॉपी वर्षभर जुनी होती आणि नव्या व्हायरसांची तिला ओळखच नव्हती. म्हणजे पूजेच्या दिवशी माझं ऐकून तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं. ही गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. पण त्या क्षणी ती सांगून काय उपयोग? सार म्हणाले, "बघितलंस?"

ते केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं अक्कांचा टाइपरायटर वाजू लागला. अक्कांनी मला बोलावून कागद पुढे केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्यात लिहिलं होतं की माझ्या निष्काळजीपणामुळे सात मशिनांवरची कूपनं गेली आणि मी त्याची जबाबदारी घेते.

"साप्ताहिकाला काहीतरी दाखवावं लागेल," सार म्हणाले. "सही कर. मी तुला काढत नाही. आणखी सहा महिने बघू, मग तुझा कागद करू."

"आणि नाही केली तर?"

"मग मी कसं ठेवणार, अम्मा? तूच सांग."

नोकरी गेली तर निपाणी. सही केली तर नोकरी राहील, पण आमच्या घरातली पहिली पदवीधर कागदोपत्री निष्काळजी ठरेल, आणि तेही जे केलं नाही त्यासाठी. मी म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. आणि आठही वह्या मला द्या."

जिन्यात, सगळ्यांच्या चपलांशेजारी बसून मी त्या वह्या वाचल्या. सात वह्या अगदी सारख्या होत्या. सारांच्या शिस्तीमुळे सगळी मशिनं एकाच वेळी सुरू आणि एकाच वेळी बंद. पूजेनंतर दसरा, रविवार, मग सोमवार ते शनिवार रोज दोन सह्या, सकाळची आणि जेवणानंतरची. बारा सह्या. आज सकाळी सगळे तेराव्यांदा सुरू करायला गेले आणि सातही गेली. माझ्या वहीत पूजेनंतर एकच सही होती, आजची. मी आठवडाभर नव्हते आणि माझ्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

डिप्लोमाच्या पुस्तकात अशा जातीबद्दल एक परिच्छेद होता. काही व्हायरस आत बसून फक्त मोजतात. मशीन किती वेळा सुरू झालं ते मोजतात, आणि ठरलेला आकडा आला की डिस्कची पहिली पानं खरवडून टाकतात. मी उठले, चपला न घालता वर गेले.

"सार, माझं मशीन वाचलेलं नाही. त्याची वेळ यायची आहे. तुम्ही सगळे इथे बसा. मी ते बंद करून परत सुरू करते, पुन्हा पुन्हा. आज सकाळची वेळ धरून तेराव्या वेळी ते मरेल. नाही मेलं तर मी सही करते."

"आणि मेलं तर आठवं मशीनपण गेलं!" प्रोग्रॅमर म्हणाला.

"आधी त्यावरची कूपनं उतरवून घेते. तेवढं तर कळतं मला."

सारांनी घड्याळ पाहिलं, मग खुर्ची ओढून बसले. कागद आणि पेन त्यांच्या मांडीवर. मी कूपनं उतरवली आणि बटण दाबलं. बंद. दहा अंक मोजायचे. चालू. पडद्यावर आकडे पळायचे, मग तो टिकटिक आवाज, मग ते तयार असल्याची खूण. वहीत सही. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेपर्यंत लोक कुजबुजत होते. सातव्या वेळेला कुणीतरी चहा आणला आणि कुणीच प्यालं नाही. अकरावी वेळ. बारावी.

तेराव्या वेळी मशीन नेहमीसारखं सुरू झालं.

सारांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढलं. मी वहीकडे बघत राहिले. एकेक सही पुन्हा पाहिली. तेरा. चूक नव्हती.

"थांब गं," अक्का म्हणाल्या. त्या दाराशी उभ्या होत्या. "बुधवारी करंट गेला होता की. दुपारी, दोनदा. मशिनं आपोआप बंद झाली, आणि करंट आल्यावर पुन्हा लावली. तेव्हा कुणी सही केली का वहीत?"

प्रोग्रॅमर म्हणाला, "नाही. मी तरी नाही केली."

आणखी कुणीच केली नव्हती. सात मशिनं, दोन वेळा जास्त. तेरा नव्हे, पंधरा.

"तेरा म्हणाली होतीस," सार म्हणाले.

"म्हणाले होते. वहीवर विश्वास ठेवला, चुकले. आणखी दोनदा लावते."

"असं तू संध्याकाळपर्यंत लावशील, अम्मा."

"नाही सार. दोनदाच. आणि सही मी आता करणार नाही, पंधराव्यांदाही मशीन सुरू झालं तरी नाही. तुम्हाला काढायचं असेल तर काढा. जे मी केलं नाही त्याखाली माझं नाव येणार नाही. ते नाव पदवीवर छापून घ्यायला आमच्या घरात दोन माणसांची हाडं झिजली आहेत."

हे मी कानडीतच बोलले, आमच्या बाजूच्या रांगड्या कानडीत, जिला ऑफिसात सगळे एरवी हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी बटण दाबलं. चौदा. आकडे पळाले, टिकटिक झाली, मशीन तयार. बंद केलं. दहा अंक मोजले, नेहमीपेक्षा सावकाश. बटण दाबलं. आकडे पळाले. टिकटिक सुरू झाली आणि थांबलीच नाही, बराच वेळ आत काहीतरी घासत राहिलं. मग पडदा काळा झाला आणि ती ओळ आली, डिस्क सापडत नाही.

"अय्यो देवा," अक्का म्हणाल्या आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

सार उठून केबिनमध्ये गेले आणि दुकानवाल्या मित्राला फोन लावला. दार उघडंच होतं. आम्हाला त्यांच्या बाजूचंच ऐकू येत होतं. "तुझीपण? कधी? शनिवारी? मग मला सांगायचं नाही का! ... संकोच कसला, अरे?" त्यांनी फोन ठेवला.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "गणपतीच्या फ्लॉपीतून असं कसं रे..." ते स्वतःशीच म्हणाले.

"गणपतीचा काही संबंध नाही, सार. फ्लॉपी कुठकुठच्या मशिनांत फिरून आली, एवढाच संबंध आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्यापुढचा तो कागद उचलून, घडी करून खिशात घालू लागले. म्हणाले, "साप्ताहिकाला सांगू करंटमुळे गेलं. कुणाचं नाव नको."

"साप्ताहिकाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. गेल्या दोन आठवड्यांची कूपनं पुन्हा भरावी लागतील, तेवढं खरं सांगा. आधीची सगळी माझ्या फ्लॉप्यांवर आहेत. पण तो कागद खिशात नको."

सारांनी तो मला दिला. मी त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"झालं?"

"नाही. माझा दुसरा कागद."

"आज? आठ मशिनं मेलीत आणि तुला..."

"आजच, सार. मशिनं मी उठवते, पण कायम होऊन उठवते."

प्रोग्रॅमर खाली बघत हसला. अक्कांनी तोवर टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला होता. सारांनी उभ्याउभ्या मजकूर सांगितला. त्यात पुढील सूचनेपर्यंत ठेवण्यात येत आहे असं आलं. मी म्हटलं, सूचना नको, कायम हा शब्द हवा. सार म्हणाले, "सरी, सरी. घाल गं तो शब्द." अक्कांनी नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून टाइप केलं. सारांनी सही केली, शिक्का मारला. मी तो उभ्यानंच दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

प्रोग्रॅमर जवळ आला. "सॉरी यार. मी खरंच मजेत बोललो होतो."

"ठाऊक आहे. आता मजेत काम कर. पडद्यांवरचे ते नटीच्या नावाचे कागद काढ, आणि दुकानातून नव्या कोऱ्या फ्लॉप्यांचा एक डबा आण. मित्राच्या दुकानातून नको."

तो गेला. मी कपाट उघडलं, मशीन सुरू करायची, चिकटपट्टी लावलेली स्वच्छ फ्लॉपी काढली आणि पहिल्या मशीनपुढे बसले.